बुधवारचा जिना

घणसोली गावातल्या गोजराच्या इमारतीला गच्चीपर्यंत अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांची वाळू, खडी आणि सिमेंट तिने स्वतःच्या डोक्यावरून वाहिलं. नवरा रबाळ्याच्या एका कारखान्यात कामाला होता. तो गेला तेव्हा मुलगा दिपेश दहा वर्षांचा होता आणि शेतं आधीच शहराखाली गेली होती. नवऱ्याच्या मागे आलेल्या पैशांत तळमजला झाला. वरचे दोन मजले तिने बारा वर्षांत चढवले. मिस्त्री एकच ठेवायची आणि त्याच्या हाताखालच्या दोन बिगाऱ्यांचं काम एकटी करायची. मिस्त्री जेवायला बसला की तेवढ्या वेळात उद्याची वाळू चाळून ठेवायची.

त्याआधी, बारा वर्षांची असल्यापासून, ती खाडीवरच्या मिठागरात होती. मिठाच्या वाफ्याचा तळ अनवाणी पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. तळ कच्चा राहिला तर मीठ मातकट येतं, आणि तो कुणी कच्चा ठेवला हे सगळ्या मिठागराला कळतं. तिथे लागलेली सवय अडुसष्टाव्या वर्षीही सुटली नव्हती. माणूस समोर आला की ती आधी त्याचे हात बघायची, मग त्याचं काम. तोंड सगळ्यात शेवटी.

ती स्वतः तव्यासारखी काळी. लग्नात नवऱ्याची आत्या म्हणाली होती, "हिला हलद कशाला, दिसनार तं नाय." सगळा मांडव हसला. गोजराने दुसऱ्या दिवशी पहाटे उठून लग्नघरची सगळी भांडी एकटीने घासून पालथी घातली. त्यानंतर कोणी हसलं नाही, असं ती सांगायची. खरं म्हणजे लोक हसायचे. तिने ऐकायचं सोडलं होतं.

"माना रंग नाय दिसत. माना काम दिसतं." हे तिचं वाक्य गावात सगळ्यांना माहीत होतं. लोक ते कौतुकाने दुसऱ्यांना सांगायचे, आणि तिलाही ते बोलताना बरं वाटायचं.

म्हणून गेल्या वर्षी एस्थर दारात उभी राहिली तेव्हा गोजराने तिला खोली दिली. एस्थर युगांडाची, सत्तावीस वर्षांची, वाशीच्या एका कॉलेजात शिकायला आलेली. गावात ती अकरा ठिकाणी फिरून आली होती. फोनवर खोली रिकामी असायची, ती समोर गेली की भरलेली निघायची. गोजराने तिचा हात हातात घेऊन उलटा केला. तळव्याला घट्टे होते.

"काय काम केलास गो?"

"बाबा का केला का खेत," एस्थर म्हणाली. "मैं कुदाल चलाती थी."

"मंग ये. पन हितं जिना धुवावा लागंल."

अकरा महिन्यांचा करार झाला. गोजरा तिला इस्तर म्हणू लागली. दिपेशची बायको उन्नती ऐरोलीला एका मोठ्या ऑफिसात आहे. तिने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एस्थरच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला आणि मोबाईलवर लावला. खाली लिहिलं, आमच्या घरात रंग नसतो, माणूस असतो. त्याला दोनशे जणांनी हृदयं पाठवली.

इमारतीत भाड्याच्या पाच खोल्या आणि सहावं घर मालकांचं. सहा घरं, सोमवार ते शनिवार सहा पाळ्या. ज्याची पाळी त्याने सकाळी पाणी आलं की सगळा जिना धुवायचा. गोजराने प्रत्येकाला एकदाच शिकवलेलं. वरून खाली यायचं. आधी कोपरा काथ्याने घासायचा, मग पायरी खराट्याने, पाणी शेवटी. पाणी आधी ओतलं की घाण कोपऱ्यात जाऊन बसते. मालकांची पाळी मंगळवारी, ती उन्नतीकडे. एस्थरचा बुधवार.

आल्यावर पहिल्याच महिन्यात एस्थर एकदा खाली येऊन गोजराजवळ बसली होती. रिक्षा थांबत नाही म्हणाली. भाजीवाला पैसे हातातून घेत नाही, टोपलीत टाकायला सांगतो. आणि घरात पण, आजी, म्हणून ती जिन्याकडे हात करून काही सांगू लागली.

गोजराने तिला मध्येच थांबवलं. "माना पन काली बोलायची. मी काय रडत बसली? तू काम कर. कामावर कोन बोट ठेवनार?"

एस्थर उठून गेली. पुन्हा त्या विषयावर आली नाही.

गोजराच्या दोन्ही गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच दगा दिलेला. ती जिना चढत नव्हती. तळमजल्यावर दाराशी बसून वरचं सगळं कानांनी ओळखायची. खराटा कसा चालतोय यावरून पाळी कुणाची हे सांगायची. तर बुधवारी जिना दोनदा धुतला जातोय हे तिच्या कानांना कळायला वेळ लागला नाही. साडेसहाला एकदा. आठ वाजता पुन्हा, आणि तेव्हा फिनेलचा वास खालपर्यंत यायचा.

तिने पहिल्या मजल्यावरच्या नमिताला विचारलं. नमिता साताऱ्याकडची, नवरा टेम्पो चालवतो, एस्थरच्या समोरची खोली.

"आज तुजी पाली नाय ना गो?"

"नाही मावशी. ते जरा राहिलं होतं कोपऱ्यात. म्हटलं आपणच करून टाकू. तिला काय कळतंय."

इथे गोजराकडून चूक झाली. चाळीस वर्षांत तिने कुणाच्या कामाला न बघता नाव ठेवलं नव्हतं. मिस्त्रीची एक वीट वाकडी आहे म्हणायलाही ती परांचीवर चढून ओळंबा धरायची. या वेळी गुडघ्यांचं निमित्त झालं. तिने नमिताचा शब्द घेतला, आणि कॉलेजला निघालेल्या एस्थरला खालच्या चौकात उभं केलं. आजूबाजूला सगळे होते.

"इस्तर, काम कच्चं हाय तुजं. तुज्या पाठी दुसऱ्याला धुवावं लागतं. लाज वाटली पायजे. शेतकऱ्याची पोर ना तू?"

एस्थरने नमिताकडे बघितलं, मग उन्नतीकडे. "ठीक है, आजी," म्हणाली.

पुढच्या बुधवारी खराट्याचा आवाज सहापासून सव्वासातपर्यंत येत होता. आठ वाजता फिनेलचा वास आलाच. गोजरा स्वतःशी म्हणाली, पोरगी सुधारत नाही.

असेच महिने सरले आणि करार संपत आला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर दिपेशने विषय काढला. त्याच्या चार गाड्या कंपन्यांना लावलेल्या आहेत, सगळं बोलणं तो उरकून टाकण्याच्या घाईने करतो.

"आय, इस्तरचा करार परत नको करूया. नमिता बोलते, वरचे पन बोलतात."

"का? काय केलाय तिना?"

"जिना. जिना नीट धुत नाय. तूच बोललीस ना सगल्यांसमोर?"

"रंगाबिंगाचा प्रश्नच नाही हं आई," उन्नती ताटं उचलता उचलता म्हणाली. "उगीच कोणी तसं समजायला नको. तो विषय आमच्या डोक्यातसुद्धा येत नाही. नियम म्हणजे नियम, सगळ्यांना सारखा. उद्या नमिताताईंनी धुतला नाही तर त्यांनाही हेच."

गोजराला यात खोट दिसेना. काम कच्चं तर खोली नाही, हा तिचाच कायदा. पण मेजवानीत वाढलेल्या भातात एखादा खडा दाताखाली यावा तसं काहीतरी लागलं. तिने एस्थरला खाली बोलावलं आणि सरळ सांगितलं, "कराराचं कठीन हाय. जिन्यामुलं."

एस्थर भिंतीला टेकून उभी राहिली. परीक्षेला दोन महिने होते. आता खोली गेली तर पुन्हा ती अकरा दारं, आणि त्यानंतरची अकरा.

"आजी, तू कभी देखा?"

"काय?"

"जिना. मेरा धुवा हुआ. एक बार पन देखा?"

गोजराने आपल्या गुडघ्यांवर हात ठेवले.

"बुधवार को आ," एस्थर म्हणाली. "ऊपर आ के बघ. फिर बोल."

बुधवारी सहा वाजता गोजराने कठड्याला धरून पहिली पायरी चढली. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची. पहिल्या मजल्यावर पोचायला तिला पंधरा मिनिटं लागली. गच्चीच्या दाराशी पोचली तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटलेला होता. वर एस्थर गुडघ्यांवर बसून काथ्याने कोपरे घासत होती. ती वळूनही बघत नव्हती. वरून खाली, आधी कोपरा, पाणी शेवटी. प्रत्येक पायरीची पुढची कडही ती पुसून घेत होती. हे गोजराने तिला शिकवलेलं नव्हतं.

तिची पायरी पुढे गेली की गोजरा मागून बोट फिरवत उतरायची. कोपऱ्यात बोट घालायची आणि बोट उजेडात धरायची. अठ्ठेचाळीस कोपरे डावीकडचे, अठ्ठेचाळीस उजवीकडचे. बोट ओलं, पण स्वच्छ. एवढा स्वच्छ जिना तिने बांधला त्या दिवशीही नव्हता.

"च्या पी," एस्थर म्हणाली. तिने गोजराला पुन्हा पहिल्या मजल्यावर आपल्या खोलीत नेलं, दार लोटून घेतलं आणि तिला खुर्चीवर बसवलं. "आठ तक बैठ."

आठला दोन बादल्यांचे आवाज आले. गोजराने दार उघडलं. वरच्या वळणावर नमिता फिनेलचं पाणी ओतत होती, आणि तिच्या मागून उन्नती खराटा मारत होती. ती ऑफिसच्या कपड्यांत होती, ओढणी कमरेला खोचलेली, हातात पिवळे रबरी मोजे. ज्या सुनेने लग्नानंतर सासरचा संडास कधी घासला नव्हता तिच्या हातात मोजे होते.

"काय चाललाय?"

नमिताची बादली हातातच राहिली. "मावशी! तुम्ही वर कशा आलात? गुडघे..."

"गुडघे ऱ्हाऊदे. धुतलेला जिना का धुतीस?"

"राहिलं होतं ना कोपऱ्यात..."

"कुठल्या कोपऱ्यात? बोट लाव. लाव बोट आन दाखव माना."

नमिताने उन्नतीकडे बघितलं. उन्नती भिंतीकडे बघत होती.

"राहिलं नाही हो मावशी," नमिता हळूच म्हणाली. "कसं सांगू? तिचा हात फिरलेला असतो ना सगळ्यावर. पाय ठेववत नाही."

"नमिताताई, काहीही काय बोलता!" उन्नती एकदम पुढे आली. "आई, तसं काही नाही. हा स्वच्छतेचा विषय आहे. मी आयुष्यात कुणाचा रंग बघितला नाही. तुम्हाला माहितीये."

"मंग शुक्रवारी का नाय धुत दुसऱ्यांदा? वरचा नामदेव एक बादली ओततो आन जातो, कोपऱ्यात विड्या तशाच ऱ्हातात. आन मंगलवारी तू सोता चार पायऱ्या सोडून धुतीस. माना आयकू येतं. तवा कुठं जातं तुजं फिनेल?"

उन्नतीचा चेहरा लाल झाला. "काम कच्चं आहे असं तुम्हीच म्हणालात ना? सगळ्यांसमोर? आम्ही नाही म्हणालो."

गोजराने खाली बघितलं. पायऱ्यांवरून फिनेलचं पांढरं पाणी खाली येत होतं, तिच्या तळव्यांखालून जात होतं. त्या पाण्यात घाण अशी काही नव्हतीच. स्वच्छ जिन्यावर ओतलेलं ते पाणी जसं वर होतं तसंच पांढरं खाली उतरत होतं.

"कवापासून?" तिने विचारलं.

उत्तर मागून आलं. एस्थर दारात उभी होती.

"पहिला बुधवार से, आजी."

"आन तू बोलली नाय?"

"बोली. पहिला महिना में बोली. तू बोली, काम कर. तो काम किया." मग थांबून म्हणाली, "तेरे को रंग नाय दिसत. तो ये कैसे दिसेगा?"

हे ती रागाने बोलली नाही. फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं बोलली. गोजरा कठडा धरून उतरायला लागली. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि कोणी हात द्यायला आलं तर तिने तो झटकला.

दुपारी दिपेश आला तोवर उन्नतीने त्याला फोन केलेला होता.

"आय, उगाच वाढवू नको. भाडेकरू खोल्या सोडून जातील."

"जाऊदे."

"आन रंगावरून कोन काय बोललाय? नाव सांग. एक शब्द तरी कोनी बोललाय तिला?"

"नाय बोलला. शब्द बोलला असता तं माना आयकू आला असता. दहा महिनं तुमी माज्या डोक्यावर फिनेल ओतला आन मी बोलत बसली, पोरीचं काम कच्चं."

"तुला कुठं मध्ये आनतंय कोन?"

"माज्याच शब्दावर तिला काढत होतास ना? मंग?"

दिपेशने गाडीची किल्ली टेबलावर टाकली आणि जेवायला बसला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

रविवारी सकाळी गोजराने सगळ्या भाडेकरूंना चौकात बोलावलं. उन्नतीने आदल्या दिवशी तिला समजावून बघितलं होतं. गैरसमज झाला असं म्हणूया, सगळ्यांचाच मान राहील. चहा करूया. पुन्हा एक फोटो काढूया.

"गैरसमज नाय झाला," गोजराने तेव्हाच सांगितलं होतं. आता तेच तिने सगळ्यांसमोर सुरू केलं. "मी न बघता बोलली. इस्तरचं काम कच्चं हाय, हे खोटं. या बिल्डिंगमदी तिच्याएवढा चांगला जिना कोन धुत नाय, मी पन नाय धुतला कधी. तिना धुतला म्हनून तुमाला घान वाटते. तेवढं तोंडानं बोला. जिन्याच्या पाठी लपू नका."

एक जण मोबाईल बघू लागला.

दुसऱ्या मजल्यावरचा नामदेव, रबाळ्याला एका गोदामात रखवालदार आहे, तो मागे उभा होता. त्याने घसा खाकरला. "मावशी, आमच्या गावात माझ्या आईनं सारवलेला ओटा परत सारवायचे. पाटलीणबाई पण लई गोड बोलायची, आमच्यात तसलं काही नाही म्हणायची. पहिल्याच बुधवारी मला कळलं होतं हे काय चाललंय."

"मंग?"

"मंग काय. गप बसलो. म्हटलं हिच्यावर चाललंय ते माझ्यावर नको यायला." तो पायांकडे बघत राहिला.

त्याला शिव्या घालायचा हक्क आपल्याला नाही हे गोजराला कळत होतं, आणि त्याचीही तिला चीड आली.

"तिची खोली ऱ्हाईल," ती म्हणाली. "अकरा महिन्यांचा करार परत होईल. ज्याला जमत नाय त्याना डिपॉझिट घेवावं आन जावावं."

"नको," एस्थर म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"अकरा महिने नको. तीन महिने. मेरा परीक्षा हो जाएगा. फिर मैं देखेगी, रहना का नहीं." दुसरी अट म्हणून तिने दोन बोटं वर केली. "और बुधवार. मैं धोएगी. उसके बाद शाम को छे बजे तक कोई पानी नहीं डालेगा. कोई नहीं."

"कोन नाय टाकनार," दिपेश घाईने म्हणाला. "प्रॉमिस. विषय संपला."

एस्थरने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती गोजराकडे बघत होती. "आजी, कौन देखेगा?"

"मी," गोजरा म्हणाली.

पुढच्या बुधवारी सात वाजता जिना धुऊन झाला तशी गोजराने प्लास्टिकचं स्टूल जिन्याच्या तोंडाशी ठेवलं आणि बसली. तिथून वरचं वळण दिसतं. या वेळी कान पुरे नव्हते. तिला तोंडं बघायची होती.

नमिता रोज पाण्याचा हंडा घेऊन अनवाणी उतरते. त्या दिवशी ती चपला घालून उतरली, आणि टाचा उचलून. गोजरासमोर आली तेव्हा हसली. गोजरा तिच्या पायांकडे बघत राहिली, तसं ते हसू हळूहळू विरलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने कठड्याला रुमालाने धरलं. एक जण जिन्यात थुंकणारा होता, तिला बघून तोंडातलं तसंच घेऊन बाहेर गेला. नामदेव ड्युटीवरून आला, तिच्यासमोर थांबला. वर गेला.

उन्नतीला त्या जिन्याचं काही काम नव्हतं, तिचं दार तळमजल्यावर. तरी ती ऑफिसला निघताना पहिल्या पायरीशी आली. "आई, लोकांना काय वाटेल? शोभतं का हे? आमच्या इथे असं काही नाहीये हो."

"पायरीवर बस," गोजरा म्हणाली.

"काय?"

"बस हितं. माज्या बाजूला. दोन मिनटं."

उन्नतीने पायरीकडे बघितलं. पायरी सुकलेली होती, पुसलेली होती, तिच्यावर केसही नव्हता. उन्नतीने घड्याळात बघितलं, उशीर झाला म्हणाली आणि गेली.

दुपारी कोणीतरी भाकरी आणून दिली. गोजराने बसल्या जागी खाल्ली. गुडघे दगडासारखे झाले. दिपेश दोनदा येऊन गेला, गावात हसतायत म्हणाला. तिने ऐकून घेतलं. या वेळी तिला ते नीट ऐकू आलं.

साडेपाचच्या सुमारास एस्थर कॉलेजातून आली. खांद्यावर पुस्तकांची पिशवी होती. ती स्टुलाजवळ थांबली. वरच्या वळणापर्यंत जिना बघितला, मग खाली गोजराकडे.

"कोई आया? पानी लेके?"

"नाय आला."

"पुढचा बुधवार?"

"बसनार."

एस्थरने मान हलवली. आभार मानले नाहीत, आणि गोजरालाही ते नको होते. ती पायऱ्या चढून वर गेली, खोलीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, दार लागलं. सहा वाजायला अजून वीस मिनिटं होती. गोजरा बसून राहिली.